दगडांचे नाव-गाव

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवाची सिद्धता सुरू झाली, तेव्हा प्रदर्शनासाठी प्रयोगशाळेतील जुनी कपाटे उघडण्यात आली. मोडकी तराजू, तांब्याच्या तारा, रंग उडालेला पृथ्वीगोल अशा वस्तूंच्या मागे, सर्वांत खालच्या खणात, एक लाकडी खोके होते. त्यात कापसावर मांडलेले अठ्ठावन्न दगड निघाले. शाळेच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांना हे खोके नक्कीच आठवत असेल. त्या काळच्या आपल्या विज्ञानशिक्षकांचा असा नेमच होता, की उन्हाळ्याच्या सुटीत जो ज्या गावी जाईल त्याने तेथून एक दगड आणावा. कोणी आजोळी पुण्या-नाशिकला जाई, कोणी जळगावला, कोणी नर्मदाकाठी महेश्वरला, तर कोणाच्या वडिलांची बदली बालाघाट किंवा झाबुआकडे झालेली असे. सुटी संपली की सरांच्या टेबलावर दगडांची रास पडे.

प्रदर्शनाच्या कामी मदतीला आलेली आपलीच एक माजी विद्यार्थिनी आता महाविद्यालयात भूविज्ञान शिकवते. तिने त्या खोक्यातील फिकट हिरव्या, काचेसारखा चमकणारा एक खडा उचलला आणि विचारले, "बाई, हा कुठला?" मी त्याच्यापुढील कार्ड वाचून म्हटले, "अ‍ॅपोफिलाइट." ती हसली आणि म्हणाली, "नाव तर मला दिसतंच आहे, बाई. मी गाव विचारलं."

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते का नव्हते, हे मला एकटीला ठाऊक होते आणि ते या लेखाच्या अखेरीस सांगणार आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी. दगडांचे शास्त्र मी कधी शिकले नाही. परंतु त्या एका प्रश्नाने मला गेले वर्षभर खनिजांच्या इतिहासाकडे वळविले. वाचत गेले तसे जाणवले, की दुर्मीळ खनिजाचा संग्रह आणि त्याची ओळख यांचा इतिहास हा मुळात पुराव्याचा इतिहास आहे, आणि तो पुष्कळसा आपल्याच पायांखालच्या काळ्या पाषाणात घडलेला आहे.

पारख जुनीच

रत्नांची पारख आपल्या देशाला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवर देखरेख करणारा आकराध्यक्ष आहे आणि कोशात घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्या प्रकरणात मोत्यांची नावे ती जेथून येतात त्या स्थळांवरून दिलेली आहेत: ताम्रपर्णी नदीचा तो ताम्रपर्णिक, पांड्यदेशाकडचा तो पाण्ड्यकवाटक. म्हणजे मोती हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न 'कुठला?' हाच असे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत.

मात्र ही सारी पारख मोलाची होती. जे अलंकारात बसेल किंवा औषधात पडेल त्याचीच चौकशी होई. रांगोळीचा शिरगोळा, चकमकीची गारगोटी, नर्मदेचा गोटा यांना घराघरांत स्थान होते. पण ते कशाचे बनले, असे कोणी विचारीत नव्हते. 'नर्मदेतला गोटा' म्हटले की आपल्याला कशाचाही परिणाम न होणारा माणूस आठवतो. खरे तर त्या गोट्यांइतके परिणाम भोगलेले दुसरे काही नसेल. पण ते वाचण्याची रीत यायला बराच काळ जावा लागला.

काळ्या पाषाणातील पोकळ्या

इंदूरमध्ये घराचा पाया खणताना जो काळा दगड लागतो, तोच पुण्यात आणि नाशकातही लागतो. माळव्यातील मराठी कुटुंबे देशावरून इकडे आली ती जणू एकाच पाषाणाच्या पाठीवरून चालत आली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांमधून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. आजही या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्यांची जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. डोंगरांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या आकारावरून, पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दाचा आधार घेऊन, भूवैज्ञानिकांनी यास 'दक्खन ट्रॅप' म्हटले.

लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि पोकळ्या तयार झाल्या. पुढे कढत पाणी त्या खडकातून झिरपत राहिले, खडकातील द्रव्ये विरघळवीत राहिले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर ती स्फटिकरूपाने साठवीत राहिले. अशा रीतीने घडलेल्या खनिजांमध्ये झिओलाइट हे मोठे कुळ आहे. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक खडा फुंकणीच्या ज्योतीत तापविला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. खड्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत बसलेले पाणी बाहेर पडत होते. त्याने ग्रीक भाषेतील 'उकळणे' आणि 'दगड' या शब्दांवरून झिओलाइट हे नाव दिले.

दक्खनच्या या खनिजांचा युरोपातील अभ्यासकांशी परिचय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाला. १८३१ मध्ये ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने पुण्याहून आलेल्या पांढऱ्या, सुईसारख्या स्फटिकांना नवे खनिज मानून 'पूनालाइट' असे नाव दिले. पुण्याच्या नावाचे खनिज! परंतु हा मान टिकला नाही. पुढील अभ्यासात हे खनिज म्हणजे आधीच माहीत असलेले मेसोलाइट असल्याचे ठरले आणि पूनालाइट हे नाव रद्द झालेल्या नावांच्या यादीत गेले.

त्यानंतर आगगाडी आली. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग नेण्यासाठी डोंगर फोडण्यात आले, बोगदे खोदण्यात आले. जे पाषाण कोट्यवधी वर्षे बंद होते ते सुरुंगांनी उघडले आणि हिरवे अ‍ॅपोफिलाइट, गुलाबी-केशरी स्टिल्बाइट यांचे घोस बाहेर पडले. त्यांतील उत्तम नमुने सागरापार गेले आणि युरोपातील संग्रहालयांत विराजमान झाले. ज्या मजुरांच्या पहारीखाली ते निघाले त्यांची नावे कोणत्याही चिठ्ठीवर नाहीत.

या नमुन्यांच्या इतिहासात एक दोष शिरला आणि तो आजही पुरता गेलेला नाही. कित्येक जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर स्थळ म्हणून केवळ 'पूना' लिहिलेले असते. दगड कोणत्याही घाटातला, कोणत्याही खाणीतला असो, परदेशी ग्राहकाला 'पूना' हे नाव ओळखीचे, म्हणून तेच लिहिले जाई. व्यापाऱ्याला आपली खरी खाण दडवून ठेवावयाची असे, तेव्हाही हेच नाव कामी येई. परिणाम असा, की आज तो नमुना कितीही देखणा असला तरी तो कोणत्या थरातून आला, त्याच्या शेजारी काय होते, हे अभ्यासकाला सांगता येत नाही. अशा चिठ्ठीवर गाव लिहिलेले असूनही ते हरवलेले असते.

नागपूरचे एक शिक्षक

दगड गोळा करणारे सगळेच व्यापारी किंवा अधिकारी नव्हते. त्यांच्यात एक शिक्षक होते, म्हणून त्यांच्याविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले आणि त्यांनी तेथे शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. अध्यापनातून मिळणाऱ्या वेळात त्यांनी नागपूरच्या परिसरात पायपीट करून खडक, खनिजे आणि जीवाश्म जमविले आणि त्यांची स्थळे नीट नोंदवून ते अभ्यासासाठी लंडनला पाठविले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासमवेत त्यांनी लिहिलेल्या लेखामुळे नागपूर परिसराचे भूविज्ञान जगापुढे आले.

त्यांनी धाडलेल्या एका हिरव्या खनिजास हॉटन या अभ्यासकाने १८५९ मध्ये 'हिस्लॉपाइट' असे नाव दिले. हेही नाव टिकले नाही. ते खनिज म्हणजे ग्लॉकोनाइट या हिरव्या द्रव्याच्या मिश्रणाने रंगलेले साधे कॅल्साइट होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांच्या नावाचे खनिज आज शास्त्रात नाही. तरीही त्यांचे जीवाश्म आणि खडक आजही उपयोगी पडतात, कारण ते कोठे मिळाले हे त्यांनी लिहून ठेवले होते.

झाबुआचा काळा दगड

आता आपल्या शेजारी येऊ. पोलाद तयार करण्यास मँगनीज लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विशाखापट्टणम भागात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या आणि पाठोपाठ नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा हा सारा पट्टा खोदला जाऊ लागला. त्याच सुमारास तत्कालीन झाबुआ संस्थानात काजलीडोंगरी येथेही मँगनीज निघू लागले. नावातच काजळ ऐकू येते आणि तेथील दगड हाती घेतला तर बोटेही तशीच होतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली. तिच्या सेवेत १९०२ मध्ये लुईस ली फर्मर हे तरुण भूवैज्ञानिक रुजू झाले. मँगनीजच्या खाणींचा अभ्यास त्यांच्याकडे आला आणि ते खाणीमागून खाण पाहत फिरले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील मँगनीज-साठ्यांवरील त्यांचा ग्रंथ हजाराहून अधिक पानांचा आहे. या भ्रमंतीत त्यांना अनेक अनोळखी खनिजे आढळली. काजलीडोंगरीच्या गारेच्या शिरांमधील रुपेरी-काळ्या स्फटिकांचे पृथक्करण करून त्यांनी १९०६ मध्ये ते नवे खनिज असल्याचे जाहीर केले आणि आपल्या संस्थेचे तेव्हाचे संचालक थॉमस हॉलंड यांच्यावरून त्याचे नाव ठेवले 'हॉलंडाइट'. त्याच खाणीतले निळसर-जांभळे दुसरे एक खनिज हॉवर्ड विंच यांनी शोधले होते, म्हणून ते झाले 'विंचाइट'. (आमच्या सहावीच्या मुलांना यात विंचू दिसला. त्यांचा गैरसमज दूर करताना मला बराच वेळ लागला.)

फर्मर यांनी ठेवलेली सगळीच नावे टिकली नाहीत. छिंदवाड्यातील सीतापार येथील खनिजास त्यांनी 'सीतापाराइट' म्हटले. पुढे क्ष-किरणांनी तपासता ते अमेरिकेत १८९७ मध्येच नोंदलेले बिक्सबाइट निघाले. नागपूरजवळच्या बेलडोंगरीचा नमुना घेऊन त्यांनी 'व्रेडेनबर्गाइट' असे नाव दिले. ते एक खनिज नसून दोन खनिजांचे एकमेकांत गुंतलेले मिश्रण असल्याचे सिद्ध झाले. फर्मर यांच्यासारख्या काटेकोर अभ्यासकाचीही नावे मागे घ्यावी लागली, यात त्यांना कमीपणा नाही. त्यांच्या काळी रासायनिक पृथक्करण, स्फटिकांचे कोन, काठिण्य आणि वजन एवढीच साधने होती. स्फटिकाच्या आतील अणूंची मांडणी क्ष-किरणांनी दाखविता येते, हे कळले १९१२ मध्ये. नवी साधने आली तेव्हा जुनी नावे पुन्हा तपासता आली, ती केवळ एका गोष्टीमुळे: प्रत्येक नमुन्यावर 'काजलीडोंगरी', 'सीतापार', 'बेलडोंगरी' असे त्याचे गाव लिहिलेले होते.

हॉलंडाइट मात्र टिकले आणि मोठे झाले. त्याच्या स्फटिकरचनेत अणूंच्या रांगांमध्ये बोगद्यांसारख्या अरुंद पोकळ्या असतात आणि त्यांत मोठे अणू बंदिस्त होऊन बसतात. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रिंगवूड यांनी अणुभट्टीतील घातक कचरा कृत्रिम खडकात बंद करून ठेवण्याची पद्धत मांडली. त्या कृत्रिम खडकातील एक मुख्य घटक हॉलंडाइटच्या धर्तीचा आहे आणि किरणोत्सारी सीझिअम धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडे आहे. झाबुआच्या डोंगरीत जी रचना प्रथम ओळखली गेली ती आज अशा कामाला उपयोगी पडते. आपल्या इंदूरच्या कितीशा मुलांना हे ठाऊक असेल?

एक द्रव्य, दोन खनिजे

खनिज ओळखणे किती अवघड असू शकते, याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच्या वाघोलीत सापडते. कॅव्हन्साइट हे गडद निळ्या रंगाचे अतिशय दुर्मीळ खनिज. कॅल्शिअम, व्हॅनेडिअम आणि सिलिकेट या घटकांच्या नावांतील अक्षरे जोडून हे नाव तयार झाले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ते प्रथम सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु तेथील स्फटिक अगदी लहान. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या दगडखाणीतून त्याचे निळे गुच्छ विपुल निघू लागले आणि जगभरचे संग्राहक थक्क झाले. रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्या त्या खाणीतूनच पेंटागोनाइट हे आणखी दुर्मीळ खनिजही निघाले. दोहोंचा रंग सारखा आणि रासायनिक सूत्रही तंतोतंत एकच. फरक आहे तो फक्त अणूंच्या मांडणीत. पेंटागोनाइटचे जुळे स्फटिक आडवे पाहिल्यास पाच टोकांच्या ताऱ्यासारखे दिसतात, म्हणून त्याचे हे नाव. तारा स्पष्ट नसेल तेव्हा क्ष-किरणांवाचून खात्री देता येत नाही.

जेथे दुर्मीळता तेथे पैसा आणि जेथे पैसा तेथे लबाडी. कॅव्हन्साइटचा सुटा गुच्छ दुसऱ्याच पांढऱ्या खनिजावर गोंदाने चिकटवून विकल्याची उदाहरणे आहेत. ओकेनाइटचे कापसासारखे पांढरे गोळे रंगवून निळे-गुलाबी करून विकले जातात. म्हणून संग्राहकाजवळ दहापट मोठे दाखविणारे भिंग हवेच. भिंगाखाली गोंदाची चकाकी आणि तंतूंच्या मुळाशी साचलेला रंग सहसा लपत नाही.

आज जगात सुमारे सहा हजार खनिजांना मान्यता आहे आणि कोणत्याही नव्या नावाला आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेच्या आयोगाची संमती लागते. हा आयोग १९५९ मध्ये नेमला गेला. नव्या खनिजाचा प्रस्ताव पाठविताना त्याचे मूलस्थान सांगावे लागते आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो. नावासोबत गावाची नोंद आवश्यक आहे, ही गोष्ट शास्त्राने अशी नियमात बांधली.

आपल्या खोक्याकडे

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. मी या शाळेत रुजू होऊन चार वर्षे झाली होती. शाळेची तपासणी व्हायची होती आणि प्रयोगशाळा नीटनेटकी करण्याचे काम माझ्याकडे आले. सर तेव्हा निवृत्त झालेले होते. खोक्यातील प्रत्येक दगडाखाली त्यांच्या बारीक अक्षरांतली, पिवळी पडलेली चिठ्ठी होती. वहीचे फाडलेले तुकडे, शाई पसरलेली, कडा कुरतडलेल्या. मला ते गबाळे दिसले. मी मुलींकडून दगड धुऊन घेतले, सुंदर अक्षरांत नवी कार्डे लिहवून घेतली आणि त्यांवर फक्त नावे घातली. जुन्या चिठ्ठ्या केराच्या टोपलीत गेल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी मांडणीचे कौतुक केले आणि मीही सुखावले. सरांच्या चिठ्ठ्यांवर नावाखाली गाव, तारीख आणि दगड आणणाऱ्या मुलाचे नाव असे, हे मी पाहिले होते. पण ते जपण्याजोगे आहे, असे मला वाटले नव्हते. इतिहास विषय घेऊन एम. ए. झालेल्या बाईने आपल्या हाताने एक दफ्तर नष्ट केले, असेच याला म्हणावे लागेल.

गेल्या वर्षी आठवीच्या मुलांनी ते दगड पुन्हा तपासायला घेतले. नख, तांब्याचे नाणे, काचेचा तुकडा आणि पोलादी चाकू यांनी काठिण्य पाहिले. चिनी मातीच्या फरशीच्या झिलई नसलेल्या मागच्या बाजूवर घासून कस काढला. सौम्य आम्लाचा थेंब टाकून कोणता दगड फसफसतो ते शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहिले. दोऱ्याने बांधून पाण्यात वजन करून विशिष्ट गुरुत्व काढले. 'गार' म्हणून ठेवलेले दोन खडे काचेवर ओरखडाही काढू शकले नाहीत आणि आम्लात फसफसले. ते कॅल्साइट निघाले. तपासणीच्या वेळी ज्या मांडणीचे कौतुक झाले तिच्यात नावेही चुकलेली होती! मुलांनी ती आनंदाने दुरुस्त केली. चुकलेले नाव दगडाला विचारून दुरुस्त करता येते, हे त्यांना उमगले.

एक दगड राहिला. काळा, आकाराच्या मानाने चांगलाच जड, एका कडेला रुपेरी झळाळी असलेला आणि काळा कस देणारा. त्याच्या तळाशी पांढऱ्या रंगात '१७' एवढाच आकडा आहे. कार्डावर मी 'मँगनीज' लिहून घेतले होते. आमच्या माजी विद्यार्थिनीने त्याचा कण आपल्या महाविद्यालयातून क्ष-किरण तपासणीसाठी पाठविला. उत्तर आले: हॉलंडाइट.

सर्वांच्या मनात एकच नाव उभे राहिले. तिच्याच वर्गमित्रांपैकी एकजण म्हणाला, "बाई, काजलीडोंगरी लिहून टाकू या. आपल्या जवळ दुसरं कुठं मिळणार?" मोह मोठा होता. हॉलंडाइटच्या मूलस्थानाचा नमुना आपल्या शाळेत आहे, हे प्रदर्शनात किती शोभले असते! पण हॉलंडाइट इतरत्रही मिळते. सरांच्या काळी मुले नागपूर-बालाघाटाकडूनही मँगनीजचे दगड आणीत. तर्क बलवान असला तरी तो तर्कच. 'पूना' लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानेही असाच सोयीचा तर्क लिहिला असेल. एकदा मी गाव पुसले. आता अंदाजाने दुसरे गाव लिहिले तर तो दुसरा अपराध होईल. म्हणून प्रदर्शनात त्या दगडापुढे असे कार्ड ठेवले आहे: 'हॉलंडाइट. स्थळ: अज्ञात. मूळ चिठ्ठी शाळेकडून नष्ट झाली.' मुलांनी हे शेवटचे वाक्य लिहू नये, असे काही सहकाऱ्यांना वाटत होते. मी ते स्वतःच्या अक्षरात लिहिले.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

या स्मरणिकेचे वाचक तुम्ही आहात, म्हणूनच हा लेख येथे लिहिला. सर आज हयात नाहीत. पण ज्यांनी ते दगड आणले ते तुम्ही आहात. तुमच्यापैकी कोणी झाबुआकडे राहत होता का? कोणाचे वडील तिकडे नोकरीला होते का? सुटीत आणलेला जड काळा दगड सरांच्या टेबलावर ठेवल्याचे कोणास स्मरते का? हिरवा अ‍ॅपोफिलाइट कोणी, कोणत्या गावाहून आणला? कोणाच्या जुन्या वहीत सरांनी सांगितलेली टिपणे असतील, एखाद्या छायाचित्रात ते खोके आणि चिठ्ठ्या दिसत असतील, तर शाळेस अवश्य कळवावे. सर्व दगडांची छायाचित्रे प्रदर्शनात क्रमांकानिशी लावली आहेत. आठवण पक्की असेल तर 'पक्की' असे लिहावे. पुसट असेल तर 'पुसट' असे लिहावे. दोन्ही नोंदी आम्ही वेगवेगळ्या ठेवू.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुले खडे गोळा करतात, खिशात भरतात, आपण रागावतो. यापुढे रागावण्याआधी त्यांच्या हाती एक कागद द्यावा. कोठे सापडला, केव्हा सापडला, शेजारी काय होते, आणि सापडवणारा कोण, एवढे त्याने लिहावे. नाव मागाहून लिहिता येते. खडा खोक्यात ठेवण्यापूर्वी त्यावर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत नोंदवावा, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी गाव हरवणार नाही. चालू दगडखाणीत मुलांना परवानगीवाचून आणि मोठ्यांच्या सोबतीवाचून मुळीच जाऊ देऊ नये. सुरुंगाचे भय असते आणि कडे ढासळतात. लेणी, किल्ले, देवस्थाने येथील दगडाला हातोडी लावू नये. जमले तर सिन्नरजवळचे गारगोटी संग्रहालय मुलांना दाखवावे. दक्खनच्या पोकळ्यांत काय काय दडले होते, ते तेथे डोळे भरून पाहता येते.

हीरक महोत्सव साजरा करताना आपण हिऱ्याची आठवण काढतो. हिराही एक खनिजच आहे आणि तो आपल्याच राज्यात पन्ना येथे मिळतो. परंतु या महोत्सवात शाळेने जी नवी वही घातली आहे, तिच्या पहिल्या पानावर हिऱ्याची नोंद नाही. पहिला क्रमांक सहावीतल्या एका मुलीने शाळेच्याच मैदानात, नव्या खोल्यांचा पाया खणताना उचललेल्या एका साध्या काळ्या दगडाचा आहे. त्याच्या पोकळीत पांढऱ्या सुया आहेत. त्यांचे नाव अद्याप ठरलेले नाही. गाव मात्र लिहिलेले आहे.